उष्टे, खरकटे आणि खत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यकारिणीने सांगितले, तुम्ही शाळेत जे खताचे काम करता त्यावर बोला. आम्हाला जरा हसूच आले. आम्ही साखर कारखान्यात मिल हाउसला काम करणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण रातपाळीच्या सुट्टीत वाचनालयात. वर्धापनदिनाला लोक धम्मावर बोलतात, आम्ही कचऱ्यावर काय बोलणार? पण विचार केला तेव्हा कळले की हा विषय आपल्याच घरातला आहे. उष्टे-खरकटे हा शब्द आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे?

आमची आजी सांगायची, संध्याकाळ झाली की टोपली घेऊन गावात दारोदार जायचे, "भाकर वाढा माय" म्हणायचे. जे टोपलीत पडेल ते. शिळे, उष्टे, विटलेले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा असे निक्षून सांगितले, ते काय उगाच? पोट भरते पण मान जाते. पुढे १९५८ च्या कायद्याने म्हारकीचे वतन गेले, आणि आमच्या बापाने ती टोपली चुलीत घातली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आता शाळेचे सांगतो. बारामती-इंदापूर पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याच्या बाजूला आपली मुले जातात ती जिल्हा परिषदेची शाळा. १९९५ साली शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शिजवलेले अन्न द्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. खिचडी, वरण-भात, मटकीची उसळ. सगळ्या जातीची मुले एका पंक्तीला बसून जेवतात. आमच्या आजीने हे पाहिले असते तर तिचा विश्वास बसला नसता.

पण जिथे पंक्ती तिथे उष्टे. पोरे हौसेने वाढून घेतात, अर्धे टाकतात. शाळेमागे त्याचा ढीग, त्यावर कुत्री, माश्या, पावसाळ्यात उभे राहवत नाही अशी घाण. तेव्हा गुरुजी आणि शाळा व्यवस्थापन समितीने ठरवले की याचे खत करू आणि परसबागेला घालू. आम्हाला बोलावले. आम्ही आनंदाने हो म्हणालो, आणि तिथेच आमची पहिली चूक झाली. आम्ही छाती पुढे काढून सांगितले, "काळजी करू नका, आमच्या युवक मंडळाची आणि वस्तीतली पोरे करतील."

पंधरा दिवस गेले. एका रविवारी वंदना झाल्यावर सहावीतली एक मुलगी आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, बादली रोज आम्हीच का उचलायची?" आम्ही गप्प. शेजारी एक म्हातारी आजी बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या बापानं टोपली जाळली, आन् तू पोरांच्या हातात बादली दिली व्हय रं?"

बंधू-भगिनींनो, कारखान्यात इतकी वर्षे कोणी आम्हाला असे बोलले नव्हते. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाळी संपवून थेट शाळेत गेलो. वर्गात विचारले तर खरेच, बादली उचलणारी सगळी पोरे आपल्याच वस्तीतली, एक-दोन मातंग समाजाची. कोणी मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. पण एका शिक्षकाच्या तोंडून निघून गेले, "त्यांना सवय असते." सवय! हजार वर्षे सक्ती केली तिला सवय म्हणायचे? संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता गेली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत भेदभाव करायला मनाई झाली, तरी बादलीला जात चिकटलीच होती. आणि ती चिकटवायला आमचाही हात लागला होता.

काही जण म्हणाले, काम बंद करा. आम्ही म्हटले, नाही. काम वाईट नाही, वाटणी वाईट आहे. काम बंद केले तर उष्टे उचलणे हे हलकेच काम आहे हे आपणच मान्य केल्यासारखे होईल. पालकसभा बोलावली. तिथे बरीच बोलाचाली झाली. पलीकडच्या आळीतले काही पालक म्हणाले, "आमची पोरं दुसऱ्याचं उष्टं उचलणार नाहीत." तेव्हा आपल्यातलीच एक बाई उठली, शेतमजुरी करणारी, सही पुरती शिकलेली. ती म्हणाली, "दुसऱ्याचं कुणीच उचलू नका. ज्यानं त्यानं आपलं ताट आपल्या हातानं बादलीत झाडावं. भरलेली बादली हजेरीच्या नंबरानं दोघादोघांनी न्यावी. गुरुजींचाबी नंबर लावा." सभा शांत झाली. याला उत्तर कोणाकडेच नव्हते.

तसा तक्ता भिंतीवर लागला. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी स्वतः बादली उचलली, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची, ती सांगितली पाहिजे. दोन घरांनी महिनाभर पोरांना त्या दिवशी शाळेत पाठवले नाही. मग पोरांनीच ऐकले नाही. त्यांना गांडूळ बघायचे होते.

आणि एक गंमत झाली. स्वतःचे ताट स्वतः झाडायचे म्हटल्यावर पोरे कमी टाकायला लागली. "आधी थोडे घ्या, लागले तर परत मागा" असा नियम केला. पूर्वी दोन बादल्या भरायच्या, आता एकसुद्धा पुरी भरत नाही. पातेल्यात उरलेले चांगले अन्न खड्ड्यात घालायचेच नाही, ते आधी भुकेल्याच्या पोटात गेले पाहिजे. खत जास्त व्हावे हा आपला हेतू नाही, अन्न कमी वाया जावे हा आहे.

आता खताची रीत सांगतो, कारण ही स्मरणिका घरी नेऊन कोणी करून बघेल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी एक हौद शोधला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला नाडेप म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांचा, आणि भिंतीत हवा जायला भोके ठेवलेली. त्याच्याही आधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसवली, त्यावर १९३१ साली पुस्तक निघाले. म्हणजे हे ज्ञान आपल्या मातीतले आहे. आम्ही नाडेपच्या अर्ध्या मापाचे दोन हौद बांधले. एक भरत असतो तेव्हा दुसरा मुरत असतो.

पहिला हौद आमचा नासला. नुसती खिचडी ओतली, वर प्लॅस्टिक झाकले. आठवड्यात अळ्या आणि असा वास की शेजारी भांडायला आले. चूक काय, तर ओले फार आणि हवा नाही. हवा नसली की अन्न सडते, हवा असली की कुजते. सडणे वेगळे, कुजणे वेगळे. खत करणाऱ्या बारीक जिवांना ओल्याबरोबर कोरडेही लागते. आपल्या भागात कोरड्याला काय तोटा? उसाचे पाचट शेतकरी पेटवून देतात. ते आणले, कोयत्याने बारीक केले. तेव्हापासून हिशेब असा:

एक बादली ओले, त्यावर दोन ते तीन बादल्या पाचट किंवा झाडाचा पाला. वर थोडे शेण कालवलेले पाणी आणि मूठभर माती. अन्न कधीही उघडे दिसता कामा नये. मूठभर माल पिळून बघायचा. हाताला ओल लागावी, पण पाण्याची धार निघू नये. उन्हाळ्यात पाणी शिंपडायचे, पावसात झाकायचे, पण हवा कोंडायची नाही. आठवड्यातून एकदा काठीने हलवायचे. तेल-तिखटाचा माल थोडाच घालायचा. अंड्याची टरफले चुरून घालावीत. वर जाळी, म्हणजे कुत्री आणि उंदीर लांब राहतात. ढीग चांगला जमला की आतून तापतो, पोरे हात लावून "सर, ताप आलाय" म्हणतात. गांडुळे मात्र माल थंड झाल्यावरच सोडायची, गरम ढिगात ती मरतात. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास येणारे खत तयार होते. मे महिन्यात आहार बंद असतो, तेव्हा पाणी कोण घालणार याची पाळी एप्रिलमध्येच ठरवावी. आम्ही एक वर्ष विसरलो आणि हौद वाळून कोळ झाला.

कारखान्यात आम्ही रोज बघतो, उसाचे काही वाया जात नाही. बगॅस बॉयलरला, मळी डिस्टिलरीला, प्रेसमड खताला. भांडवलदाराला किंवा संचालकाला टाकाऊतले पैसे दिसतात, मग आपल्याला टाकाऊतली माती का दिसू नये? नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मान आणि ताम्हणे यांनी १९१० सालीच लिहून ठेवले आहे. अति पाणी देऊन आपण जमीन फुगवली. ती नुसत्या शेणखताने सुधारत नाही, आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो, हे खरे. पण कोणत्याही जमिनीला सेंद्रिय माल लागतोच. शाळेच्या परसबागेत आज पालक, मेथी, शेवगा, वांगी आहेत आणि ती त्याच खिचडीत पडतात. पोरांना चक्र पुस्तकात शिकवावे लागत नाही.

धम्मात याला आधार आहे का, असे कोणी विचारील. आहे. विनयपिटकात उदेन राजा आनंदाला विचारतो, एवढी चीवरे मिळाली, जुन्यांचे काय करणार? आनंद सांगतो, जुन्याची पांघरुणे, पांघरुणे विटली की जमिनीवर अंथरायला, मग पाय पुसायला, मग धूळ झाडायला, आणि शेवटी चिखलात कालवून लिंपायला. आणि रस्ता झाडणारा सुनीत? त्याला भगवंताने संघात घेतले. त्याचे काम हलके नव्हते, त्याला हलका म्हणणारा समाज हलका होता. संत गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग भाकर खायचे. पण झाडू त्यांनी स्वतःच्या मर्जीने उचलला होता. मर्जी आणि सक्ती यातला फरक आपल्या पोरांना शिकवा. पुण्यात कचरा वेचणाऱ्या भगिनींनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, हक्काने ओळखपत्र मागितले. काम तेच, पण मान ताठ.

शेवटी या विहारासाठी तीन विनंत्या करतो. एक, वंदनेची फुले कालव्यात सोडू नका, विहाराच्या मागे छोटा हौद बांधू, जागा आहे. दोन, १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानाला थर्माकोलची ताटे नकोत, पानाच्या पत्रावळी आणा. तीन, ही सर्वात महत्त्वाची. त्या हौदाचा तक्ता लागेल त्यात पहिले नाव अध्यक्षांचे, दुसरे कार्यकारिणीचे, आणि बायकांच्या जोडीला पुरुषांचेही नाव असले पाहिजे. नाहीतर आपण बाहेर जात काढली आणि घरात बाईच्या डोक्यावर टोपली ठेवली, असे होईल.

ती मुलगी आता आठवीत आहे. परवा तिने आम्हाला हटकले, "काका, उद्या तुमचा नंबर आहे, विसरू नका." आम्ही गेलो आणि बादली उचलली. जड नव्हती.

 

नमो बुद्धाय! जयभीम!