काउआई बेटावरील बहात्तर मुले



मूल जन्मास आले की बाराव्या दिवशी त्याचे नाव ठेवावे आणि सवडीने जोशीबुवांकडून त्याची पत्रिका मांडून घ्यावी, ही आपल्याकडील रीत. आता त्या पत्रिकेवर आपला विश्वास असो वा नसो, या एवढ्याशा जीवाचे पुढे काय होणार हे आजच कळावे अशी जी ओढ तिच्या मुळाशी असते, ती काळजीपोटी निर्माण झालेली असते. तीच काळजी शास्त्राने हाती घेतली म्हणजे काय घडते, हे पाहण्यासाठी मी आज आपणांस पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहापैकी काउआई नावाच्या बेटावर नेणार आहे.

त्या काळी ऊस आणि अननस यांच्या मळ्यांवर पोट भरणारे हे बेट. मळ्यांतील मजुरीसाठी जपान, फिलिपाइन्स, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या लोकांची संतती आणि मूळचे हवाईयन रहिवासी तेथे शेजारीशेजारी नांदत होते. १९५५ साली या बेटावर जी मुले जन्मली, त्या सर्वांची, कोणतीही निवड न करता, नोंद ठेवावयाची असे बालरोगतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्य खात्याच्या परिचारिका आणि मानसशास्त्रज्ञ यांनी ठरविले, आणि त्या नोंदीत ६९८ नावे चढली. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन विदुषींनी हे काम पुढे चालविले. आईच्या गरोदरपणापासून उघडलेले हे दप्तर मूल एक, दोन, दहा, अठरा, बत्तीस आणि चाळीस वर्षांचे होईतो बंद झाले नाही. आणि एकच दप्तर चाळीस वर्षे चालू ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्या कचेऱ्यांतून एखाद्या साध्या अर्जाचा पाठपुरावा केला आहे, त्यांना मी सांगावयास नको.

याचे महत्त्व ध्यानी येण्यास जुनी पद्धत आठवली पाहिजे. तुरुंगात वा मनोरुग्णालयात जावे, तेथील माणसाची हकीकत विचारावी, त्याचे बालपण दारिद्र्यात आणि बापाच्या दारूत गेले असे आढळावे, आणि अशा बालपणाची परिणती अशीच होते असा निवाडा द्यावा, हा पुष्कळ दिवसांचा शिरस्ता होता. पण तसल्याच घरात वाढून जो कधी तुरुंगात गेलाच नाही, त्याचा जबाब घ्यावयाचा कोणी? तो त्या संशोधकाच्या दृष्टीसच पडत नाही. काउआईच्या अभ्यासकांनी जन्मापासून सर्वांनाच धरून ठेवल्यामुळे हा दृष्टीआड राहणारा माणूस नीट दिसू लागला.

दारिद्र्य, जन्मवेळची शारीरिक संकटे, आईचे अपुरे शिक्षण, घरातील कलह, आईबापांचे व्यसन वा मनोविकार, अशा आपत्तींपैकी चार किंवा अधिक ज्यांच्यावर वयाच्या दुसऱ्या वर्षाआतच कोसळल्या, अशी मुले सुमारे दोनशे भरली. त्यांतील दोन तृतीयांश मुले दहाव्या वर्षी अभ्यासात वा वर्तनात, नाहीतर अठराव्या वर्षापर्यंत गुन्हा, मनोविकार किंवा अकाली मातृत्व यांत अडखळली. आणि उरलेली ७२ मुले मात्र कर्तबगार, आत्मविश्वासू आणि मायाळू माणसे झाली. चाळिशीत त्यांच्यापैकी एकही बेकार नव्हता, एकही कायद्याच्या कचाट्यात सापडलेला नव्हता, आणि एकालाही सरकारी मदतीवर जगावे लागत नव्हते.

यांच्यापाशी असे काय होते? अंशतः स्वभाव होता: तान्हेपणीच ही मुले चपळ, हसरी, माणसांत रमणारी असल्याचे त्यांच्या आयांनी सांगितले होते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखे, खरोखरच निकडीचे असे काही काम पुष्कळांच्या अंगावर पडले होते. पण सर्वांत ठळक आढळले ते एक माणूस, ज्याच्याशी त्या मुलाचा जिव्हाळा लहानपणीच जुळला होता, आणि ते माणूस आई वा बापच होते असे नाही. कोठे आजी, कोठे मावशी, कोठे थोरली बहीण, पुढे शाळेतील एखादी शिक्षिका, तर कोठे नुसतीच शेजारीण. आपल्या आजोळाच्या ओसरीवर वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही, हे मी जाणतो. परंतु वाटणे निराळे आणि चाळीस वर्षांच्या नोंदींतून निष्पन्न होणे निराळे. जन्मवेळी झालेली शारीरिक इजासुद्धा ज्या घरात आधार होता तेथे बहुधा भरून आली आणि ज्या घरात तो नव्हता तेथे चिघळली, हा निष्कर्ष तर वैद्यकालाही विचारात पाडणारा आहे.

या अभ्यासाचा विपर्यास करणारेही आहेत. बहात्तर मुले तरली, मग दारिद्र्याचा बाऊ कशाला, असे म्हणणारे गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांनी त्याच दप्तरातील दोन तृतीयांशांचा आकडा वाचलेला नसतो. या अभ्यासावरील १९८२ सालच्या ग्रंथाच्या नावात वर्नरबाईंनी या मुलांना अजिंक्य म्हटले, ते मला जरा अधिकच वाटते.

पण त्या दोन तृतीयांशांची कहाणीही अठराव्या वर्षी संपली नाही. बत्तीस आणि चाळीस या वयांत गाठी घेतल्या, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेक सावरलेले आढळले; कोणी प्रौढपणी महाविद्यालयात नाव घातले होते, कोणी सैन्यात गेला होता, कोणाला शांत स्वभावाचा जोडीदार लाभला होता, कोणी एखाद्या धर्मसमुदायात स्थिरावला होता, तर कोणी जिवावरच्या दुखण्यातून उठला होता. मानसोपचारामुळे सावरलो असे सांगणारे मात्र थोडेच निघाले. आणि स्वतः मानसशास्त्रज्ञ असूनही वर्नरबाईंनी ते जसेच्या तसे छापले.