परदेशातला खेळ, आपला हिशेब

आज आपण बोलणार आहोत बेसबॉलच्या तिकिटाबद्दल. हसू नका. आपल्या गटांतल्या किती जणींची लेकरं अमेरिकेत आहेत, ते आधी मोजा. कुणी लेकीच्या बाळंतपणाला जाते, कुणी नातवंडं सांभाळायला सहा महिने राहते. तिकडे एक दिवस मुलगा म्हणतो, "आई, या शनिवारी सगळे मॅच बघायला जाऊ." तिकिटाचा आकडा कानावर पडतो, आपण मनातल्या मनात त्याचे रुपये करतो आणि म्हणतो, "तुम्ही जा रे, मी थांबते घरी."

आमचं म्हणणं असं, की घरी थांबायची गरज नाही. आणि डोळे झाकून पैसे मोजायचीही गरज नाही.

आधी खेळ समजून घेऊ. एक जण चेंडू टाकतो, दुसरा गोल दांडक्यासारख्या बॅटनं तो मारतो आणि पळत सुटतो. तीन कोपरे ओलांडून चौथ्याला, म्हणजे जिथून निघाला तिथं परत आला, की एक रन. दोन्ही संघांना नऊ-नऊ पाळ्या मिळतात. 2023 पासून चेंडू टाकायला घड्याळ लावलंय, त्यामुळे सामना साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो.

आता मुद्द्याचं. तिकडच्या मोठ्या स्पर्धेचं नाव मेजर लीग बेसबॉल. तिच्यात 30 संघ आहेत. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, त्यातले 81 आपल्या घरच्या मैदानावर. आपल्या आयपीएलमध्ये साखळीतले घरचे सामने साधारण सातच असतात. म्हणजे आयपीएल ही वर्षाची जत्रा, तर बेसबॉल हा आठवडी बाजार. जत्रेत सांगतील तो भाव द्यावा लागतो. बाजारात आपण दोन फेऱ्या मारतो, चार ठिकाणी विचारतो, मग भाजी घेतो. बेसबॉलचं तिकीट तसंच घ्यायचं.

पहिली गोष्ट, वार. त्याच मैदानावरचं, त्याच खुर्चीचं तिकीट शनिवारी महाग आणि मंगळवारी-बुधवारी स्वस्त असू शकतं. एप्रिलमध्ये थंडी असते, सप्टेंबरात मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, तेव्हाही भाव उतरतात. समोरचा संघ कोण, हेही बघायचं. न्यूयॉर्कचा यांकीज आणि बोस्टनचा रेड सॉक्स यांचं जुनं वैर आहे, त्यांच्या सामन्याला गर्दी आणि भाव दोन्ही चढे. आपल्याला कोण जिंकतं याचं सोयरसुतक नसेल, तर साध्या संघाचा सामना निवडावा. खेळ तोच, मैदान तेच.

दुसरी गोष्ट, जागा. वरच्या मजल्यावरच्या आणि लांब टोकाच्या जागा स्वस्त असतात. वरून सगळं मैदान दिसतं, नवख्या माणसाला खेळ उलट चांगला कळतो. फक्त दुपारचा सामना असेल तर ऊन कुठं येतं ते मुलांना बघायला सांगा. मारलेला चेंडू कधी कधी प्रेक्षकांतही येतो. सोबत लहान मूल असेल तर जाळीमागची जागा बघावी.

तिसरी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची: शेवटचा आकडा विचारा. तिकिटावर सेवाशुल्क चढतं आणि वीसचं तिकीट पंचवीसला पडतं. 12 मे 2025 पासून अमेरिकेत नियम आलाय, की तिकीट विकणाऱ्यानं सक्तीच्या शुल्कासकट पूर्ण किंमत आधीच दाखवायची. सरकारी कर मात्र वेगळा लागू शकतो. त्यामुळे एकाच सामन्याचा भाव संघाच्या स्वतःच्या विक्रीत किती आणि स्टबहब, सीटगीक अशा दुसऱ्यांची तिकिटं विकणाऱ्यांकडे किती, हे शेवटच्या आकड्यावरून ताडायचं. सामना जवळ आला की या फेरविक्रीत भाव पुष्कळदा पडतो, पण नेहमीच नाही. पाच जणांना शेजारी बसायचं असेल तर फार ताणू नये. तिकीट मोबाइलमध्येच येतं. मैदानाबाहेर कुणी कागद किंवा फोटो दाखवून तिकीट विकत असेल, तर घेऊ नका.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेत. घरातली पाच माणसं, शनिवारचा सामना. तिकीट 20 डॉलर, वर शुल्क 5, म्हणजे 125. गाडी लावायचे 30. आत खाणंपिणं माणशी 15, म्हणजे 75. एकूण 230 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 20,700 रुपये. आता बुधवार घ्या. शुल्कासकट तिकीट 15 डॉलर, पाच जणांचे 75. जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं 30. डबा घरचा. एकूण 105 डॉलर, म्हणजे 9,450 रुपये. निम्म्याहून कमी!

डबा चालतो का? सगळीकडे नाही, पण बऱ्याच मैदानांवर चालतो. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये आपल्यापुरतं घरचं खाणं नेता येतं, काचेची बाटली मात्र चालत नाही. त्या मैदानाजवळ शहराची रेल्वेही जाते. पिशवी केवढी चालते, हे आधी बघून ठेवायचं. मांडीवरच्या बाळाला बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही, पण वयाची किंवा उंचीची अट प्रत्येक संघाची वेगळी असते.

आणखी एक. पावसानं सामना रद्द झाला तर सहसा तेच तिकीट पुढच्या तारखेला चालतं. पण तोवर तुमचं परतीचं विमान असेल तर? म्हणून सामना मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या आठवड्यात नको.

मोठ्या मैदानाचा हट्ट नसेल तर छोटी लीग बघा. मोठ्या संघांचे होतकरू खेळाडू तिथं घडतात आणि तिकीट बरंच स्वस्त असतं. न्यू जर्सीत आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत. तिथल्या ब्रिजवॉटर गावात सॉमरसेट पॅट्रियट्स हा यांकीजच्या हाताखालचा संघ खेळतो. मैदान रेल्वे स्टेशनच्या शेजारीच आहे. त्याच गावात बालाजीचं देऊळही आहे, म्हणजे एका दिवसात दर्शन आणि सामना दोन्ही.

मैत्रिणींनो, तिकडे आपण पाहुण्या असतो, म्हणून भाव विचारायला संकोचतो. मुलांना वाटेल आई चिकटपणा करते, असं वाटतं. पण इथं गटाचं खातं आपणच लिहितो, कर्जाचा हप्ता आपणच मोजतो. ती नजर विमानात बसताना इथं ठेवून का जायची? "मी येत नाही" म्हणण्यापेक्षा "बुधवारचं बघ रे, सगळं मिळून किती पडतं ते सांग," एवढंच म्हणा. मुलाचे पैसे वाचतील आणि नातवाच्या शेजारी तुम्हीही बसलेल्या असाल.

गटातली कुणी यंदा निघाली असेल, तर पुढच्या बैठकीत हा हिशेब तिच्याबरोबर मांडून बघा.