भाकरीतील लोह आणि पेशीतील मोहोळ

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे गाव ज्वारीच्या जाणकारांस नव्याने सांगावयास नको. स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा प्रसिद्ध रब्बी वाण स्वातंत्र्यापूर्वी सिद्ध झाला तो येथेच. ‘मोहोळ’ या शब्दाचा दुसरा अर्थ मधमाश्यांचे घर. योगायोग असा की, या ज्वारीच्या भाकरीतील लोहास शरीरातील पेशीत शिरावयाचे झाल्यास मोहोळासारख्याच एका सूक्ष्म जाळीचे साहाय्य घ्यावे लागते.

आतड्यातून रक्तात आलेले लोह मोकळे हिंडत नाही. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन ते उचलून नेते. अशा एका वाहकावर लोहाचे दोन अणू बसतात. तांबड्या रक्तपेशी घडतात त्या अस्थिमज्जेत, आणि लोहाची मोठी मागणी तेथलीच. परंतु पेशीचे पातळ, स्निग्ध आवरण एवढ्या मोठ्या प्रथिनास आरपार जाऊ देत नाही. आवरणावर उभी असलेली ग्राहक प्रथिने वाहकास धरतात, आणि मग दार उघडण्याऐवजी भिंतच आत खचू लागते. खळगा खोल होत जातो, त्याचे तोंड आवळले जाते, आणि आजीबाईंच्या बटव्यासारखी एक पुटिका मालासह आत सुटते. तिचा व्यास असतो मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका.

हा बटवा घडविणारे प्रथिन म्हणजे क्लॅथ्रिन. १९६४ साली रॉथ व पोर्टर या शास्त्रज्ञांना डासाच्या अंडपेशीत असे केसाळ अस्तराचे खळगे दिसले होते. त्यांतून अंड्याचे पोषणद्रव्य आत जात होते. पुढे केंब्रिज येथे बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून या पुटिका शुद्ध करून घेतल्या आणि १९७६ साली त्यांच्यावरील वेष्टनाच्या प्रथिनास जाळीवाचक लॅटिन शब्दावरून हे नाव दिले. क्लॅथ्रिनचा प्रत्येक घटक तीन वाकड्या पायांच्या तिवईसारखा असतो. या तिवया एकमेकींत पाय गुंतवून षट्कोन आणि पंचकोन रचतात. मधाच्या पोळ्यात सारे षट्कोन असतात, म्हणून पोळे सपाट राहते. नुसत्या षट्कोनांचा चेंडू बंद होत नाही. त्यास बारा पंचकोन लागतातच. पेशीने भूमितीचा हा नियम पाळला आहे. क्लॅथ्रिन मात्र मालास स्वतः शिवत नाही. ग्राहक प्रथिनाचे शेपूट पेशीच्या आत असते. ते ओळखून जाळीशी जोडून देणारी मध्यस्थ प्रथिने निराळी आहेत.

बटव्याची नाडी आवळते डायनॅमिन. ते खळग्याच्या मानेभोवती वेटोळे घालून तिला तोडते. हे न घडल्यास काय होते, ते फळमाशीच्या ‘शिबिरे’ नावाच्या जातीने दाखविले. जपानीत या शब्दाचा अर्थ बधिरता. तिच्या डायनॅमिनात दोष असल्यामुळे सुमारे तीस अंशांवर खळगे तुटत नाहीत, मज्जातंतूंच्या टोकाशी पुटिकांचा साठा संपतो आणि माशी लुळी पडते. गारवा मिळताच पुन्हा उडू लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन आणि त्यांचे सहकारी यांनी याच माश्यांवर काम केले, आणि डायनॅमिनास इंधन पुरविण्यात हातभार लावणारे एक प्रथिन २००१ साली उजेडात आणले.

पुटिका सुटली की जाळीचे काम संपते. तिवया सुट्या होऊन पुढल्या खळग्यासाठी मोकळ्या होतात. उघडी पुटिका आतील वर्गवारीच्या कप्प्यात मिळते. तेथील आम्लतेने लोह सुटते. रिकामा वाहक ग्राहकासह पृष्ठभागी परततो आणि नव्या फेरीसाठी रक्तात जातो. हे सारे काही मिनिटांत उरकते.

ही व्यवस्था किती नाजूक, याची साक्ष २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दिली. काही मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होत होते. त्यांच्या ग्राहक प्रथिनाच्या शेपटीतील एकच घटक बदललेला आढळला. ग्राहक लोहाचा वाहक धरीत असे, परंतु जाळीस त्याची ओळख पटत नसे. म्हणून खळगा त्यास आत नेत नसे. परिणामी रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी दाराशी अन्न असूनही उपाशी राहत.

अर्थात घरोघरी दिसणाऱ्या रक्तक्षयाचे कारण बहुधा इतके आत दडलेले नसते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अन्नातून लोह कमी मिळणे, ते नीट शोषले न जाणे आणि रक्त जाणे ही त्याची प्रमुख कारणे होत. ज्वारीतील फायटेट लोहास अडवून धरते. जेवणात लिंबाची फोड असल्यास ते अधिक शोषले जाते, तर जेवणापाठोपाठचा चहा त्यात खोडा घालतो. पेशीतील मोहोळ अहोरात्र बांधले जाते आणि मोडले जाते, त्यासाठी कोणास काही करावे लागत नाही. त्या मोहोळाच्या दारापर्यंत लोह पोचविणे, एवढे मात्र स्वयंपाकघराच्या हाती आहे.