हातून झालेल्या कामाचे भांडवल

शिक्षण, अनुभव आणि ओळखी यांच्या जोडीला नोकरीत मनाचे बळही लागते. संशोधक त्याला मानसशास्त्रीय भांडवल म्हणतात. नेब्रास्का विद्यापीठातील फ्रेड लुथान्स यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आत्मक्षमता (हे काम मला जमेल हा विश्वास), आशा, आशावाद आणि चिवटपणा हे त्याचे चार घटक. ते २४ विधानांच्या प्रश्नावलीने मोजतात. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या सिद्धांतानुसार आशेत ध्येयाची ओढ आणि एक वाट बंद झाल्यास दुसरी शोधण्याची तयारी, दोन्ही येतात.

सुरुवातीचे बरेच अभ्यास कर्मचाऱ्यांनी एकदाच भरलेल्या प्रश्नावल्यांवर बेतलेले होते. पुढे त्याच माणसांचा काही काळ मागोवा घेणे, प्रशिक्षणाचा परिणाम तपासणे आणि संपूर्ण गटाचे बळ मोजणे याकडे कल वळला. २०११ मध्ये ५१ नमुन्यांतील १२,५६७ कर्मचाऱ्यांची माहिती एकत्र तपासली गेली. हे भांडवल जास्त असलेल्यांमध्ये समाधान आणि कामगिरी सरस, तर ताण आणि नोकरी सोडण्याचा विचार कमी आढळला.

हे बळ जन्मजात ठरलेले नसते, ते वाढवता येते. आत्मक्षमतेचा सर्वांत भक्कम उगम माणसाने स्वतः पार पाडलेल्या कामात असतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवले. म्हणून तरुणांनी लहान का होईना, एक काम अंगावर घ्यावे आणि ते तडीस न्यावे. व्याख्याने ऐकून येणारा उत्साह ओसरतो; हातून झालेले काम मात्र पुढच्या कामाला धीर देते.

महाविद्यालयातील स्नेहसंमेलन ही अशा कामांची पहिली शाळा. ऐन नाटकात माइक बंद पडतो, तेव्हा विंगेतला विद्यार्थी दुसरा माइक शोधतो, तोवर निवेदिका चार वाक्ये जास्त बोलून वेळ निभावून नेते. जुन्या विद्यार्थ्यांना ढालींपेक्षा असेच प्रसंग अधिक आठवतात. बक्षीस न मिळालेल्या मुलांचाही या अनुभवांच्या शिदोरीवर तितकाच हक्क आहे.

संमेलनात पहिल्या रांगेत बसणाऱ्या प्राध्यापकांचा आणि पालकांचा वाटाही मोठा आहे. विश्वासाच्या माणसाचे प्रोत्साहन हाही बांडुरांनी सांगितलेला आत्मक्षमतेचा एक उगम. पाठीमागे बसणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलावरही जबाबदारी सोपवावी, चुकल्यास कसे सुधारायचे ते सांगावे आणि तेच काम पुन्हा त्याच्याकडेच द्यावे.