घरच्या संगणकाचा पहारेकरी



नांदेड-लातुरात आज कामगार पोराच्या शिक्षणासाठी कर्ज काढून संगणक घेतो. त्याच यंत्रावर त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेबही पाहिला जातो. तेव्हा या यंत्राला पहारेकरी कोणता नेमावा, हा काही केवळ श्रीमंतांचा प्रश्न नव्हे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय यांनी विषाणू मारणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले.

परंतु विकत घेण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहा. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा पहारेकरी बिनपगारी मिळतो. साध्या वापराला तो पुरतो. दुसरा नेमायचाच तर एकच नेमा. दोघे एकमेकांनाच अडवतात. फुकटची चोरटी प्रत मात्र नको. चोराने दिलेल्या कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याच खिशात असते!

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ज्यांनी ती घेतली नाही, ते सापडले. नुसत्या वर्गणीवर संघटना टिकत नाही, सभेला यावे लागते. इथेही तसेच आहे. पैसे भरून भागत नाही. रोजची दुरुस्ती रोज घ्यावी लागते.