'इफ' आणि 'ओन्ली इफ': एका 'च'ची किंमत

आजचा एपिसोड छोटा आहे, पण लवकरच ऑफर लेटर हातात पडणार असेल तर नीट कान देऊन ऐका.

दोन वाक्यं घ्या. पहिलं: 'यू विल गेट द बोनस इफ यू कम्प्लीट वन इयर.' दुसरं: 'यू विल गेट द बोनस ओन्ली इफ यू कम्प्लीट वन इयर.' घाईत वाचलं तर दोन्ही सारखीच. उलट 'ओन्ली'मुळे दुसरं जास्त ठाम वाटतं. पण शब्दशः बघितलं तर वचन फक्त पहिल्यात आहे.

चिन्हांत लिहून बघू. 'वर्ष पूर्ण झालं' म्हणजे व, 'बोनस मिळाला' म्हणजे ब.

पहिलं: व → ब. वर्ष झालं, की बोनस आलाच.
दुसरं: ब → व. बोनस मिळाला असेल, तर वर्ष नक्की झालंय.

बाण उलटा फिरला ना?

आता समजा, वर्ष झालं आणि बोनस नाही आला. 'जर-तर'च्या ट्रुथ टेबलमध्ये चार ओळी असतात. त्यातल्या एकाच ओळीत वाक्य खोटं ठरतं: बाणाच्या शेपटाकडचं खरं आणि टोकाकडचं खोटं. पहिलं वाक्य इथे मोडतं. दुसरं मोडत नाही! म्हणजे शब्द पाळला गेला, आणि तुमच्या खात्यात शून्य.

मराठीत हा फरक लगेच कानाला कळतो. 'वर्ष झालं तर मिळेल' आणि 'वर्ष झालं तरच मिळेल'. सगळा खेळ त्या 'च'चा.

'अनलेस'ही असाच फसवा. 'यू विल पे अ पेनल्टी अनलेस यू गिव्ह नोटीस.' नोटीस म्हणजे न, दंड म्हणजे द. मग ¬न → द. नोटीस दिली नाही, तर दंड. पण नोटीस दिली तर दंड नाहीच, असं यात कुठे लिहिलंय? ते आपण मनाने जोडतो.

आणि 'बट'? लॉजिकमध्ये ते सरळ 'आणि' होतं. 'काम छान, पण पगार कमी' यातली नाराजी चिन्हांत उरत नाही. म्हणजे चिन्हांनाही सगळं पकडता येत नाही, हे लक्षात असू द्या.

जॉर्ज बूल यांचं 'लॉज ऑफ थॉट' १८५४ सालचं. विचारांचं गणित मांडायचा तो प्रयत्न. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी एमआयटीतल्या मास्टर्स थीसिसमध्ये तेच गणित स्विचच्या सर्किटला लावलं. तुमच्या हातातला फोन त्याच वाटेने आलाय.

बोलताना माणसं न बोललेलंही समजून घेतात, आणि ते बरोबरच आहे. सही करताना मात्र बाण काढून बघा. तो एकाच दिशेचा दिसला, तर एचआरला मेलवर सरळ विचारा: 'वर्ष पूर्ण केलं की बोनस नक्की का?' उत्तर लेखी घ्या.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या कागदांतला 'ओन्ली इफ' शोधून ठेवा!