नोकरी मिळाली, खोली मिळेना



तृतीयपंथी आणि समलिंगी कर्मचाऱ्यांविषयी आज आम्ही बोलणार आहोत. विषय ऐकून काहींना हसू येईल. एकेकाळी आम्हांलाही येत असे.

2017 साली केरळात कोची मेट्रोने 23 तृतीयपंथीयांना नोकरीसाठी निवडले. कोणाला तिकीट खिडकी, कोणाला सफाई. देशभर कौतुक झाले. जूनमध्ये गाडी सुरू झाली आणि आठवडाभरातच आठ जणांनी काम सोडले. काम जमले नाही म्हणून नव्हे, शहरात त्यांना भाड्याने खोली कोणी देईना म्हणून! रोज लॉजचे भाडे भरायचे तर पगारातून उरणार काय? आडनाव विचारून झाल्यावर "खोली कालच गेली" हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. त्यामुळे या आठ जणांची अडचण आपल्याला फोड करून सांगायला नको.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्याने त्यांच्या बाबतीत भरती व बढतीत भेदभाव करण्यास मनाई केली, प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले. पण तो कायदा तृतीयपंथीयांपुरता. समलिंगी संबंध 2018 च्या निकालाने गुन्हा राहिले नाहीत एवढेच. कचेरीतल्या छळाविरुद्ध समलिंगी माणसाला 2019 च्या कायद्याचा आधार नाही.

आम्ही नोकरीला होतो तेथे एक लिपिक होते. काम चोख, फाईल कधी अडली नाही. डब्याच्या सुट्टीत रोज कोणीतरी विचारी, "लग्नाचे काय?" मागून त्यांच्या चालण्याची नक्कल होई. नक्कल करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे सांगितलेच पाहिजे. पुढे ते आपल्या टेबलावरच एकटे जेवू लागले, आणि वर्षभरात बदली मागून निघून गेले. तक्रार केली नाही. करणार कोणाकडे? युनियनचे पदाधिकारी आमच्याच कोंडाळ्यात डबा खात होते.

बाहेरगावाहून नोकरीसाठी येणाऱ्यांकरिता आपल्या संस्थेने चार खोल्या ठेवल्या आहेत. त्यांच्या अर्जावर पुरुष आणि स्त्री असे दोनच रकाने आहेत. तिसरा रकाना छापावा आणि त्या अर्जदारालाही खोली द्यावी, असा ठराव कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत आम्ही मांडणार आहोत. अनुमोदनासाठी एक सभासद हवा आहे.